इंडिकेटरची घाई : एलईडी दिव्यांच्या निमित्ताने एक अभ्यासपाठ

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागवणारे पत्र आले, तेव्हा आठवणी लिहाव्यात की आपल्या कामातले काही लिहावे, असा प्रश्न मनात उभा राहिला. वसतिगृहाच्या आठवणी माझे वर्गबंधू माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. वाहनांच्या वायरिंगचे काम शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्यातलाच एक लहानसा धडा पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे ठरवले. आज गोरेगाव व परिसरातील अनेक घरांसमोर चारचाकी उभी असते. त्यांतील बऱ्याच गाड्या जुन्या बाजारातून घेतलेल्या असतात, आणि त्यांत मालकाने हौसेने काही ना काही बदल केलेला असतो. त्या हौसेतून उद्भवणारा एक प्रश्न या लेखाचा विषय आहे.

गेल्या दिवाळीत वसतिगृहातील एक जुना सोबती गावी आला होता. त्याने आपल्या गाडीच्या पुढच्या व मागच्या इंडिकेटरमधील साधे बल्ब काढून एलईडी बल्ब बसवले होते. प्रकाश झगझगीत पडू लागला. मात्र वळणाची दांडी खाली करताच डॅशबोर्डवरची टिकटिक दुप्पट वेगाने होऊ लागली. एकाने सांगितले, "चालतंय, काही होत नाही." दुसऱ्याने सोनेरी रंगाचे रेझिस्टर बसवून दिले. टिकटिक पूर्ववत झाली आणि सोबती समाधानाने घरी गेला. पुढे एका रात्री टायर पंक्चर झाले म्हणून चारही इंडिकेटर चालू ठेवून तो अर्धा-पाऊण तास रस्त्याकडेला थांबला. त्यानंतर मागच्या दिव्याच्या प्लॅस्टिकच्या घराला फुगवटा आलेला त्याला दिसला. चिकटपट्टीने तेथेच लावलेल्या रेझिस्टरने ते प्लॅस्टिक मऊ केले होते. हे सारे दाखवून तो मला म्हणाला, "बिघाड तरी नेमका कशात होता, ते सांग."

त्याला जे समजावून सांगितले, तेच येथे क्रमाने मांडतो. सार असे की, वेगाने लुकलुकणे हा मुळात बिघाड नाही; तो गाडीने चालकाला दिलेला निरोप आहे. उपाय निवडताना तो निरोप आपण खरा करतो आहोत की बंद पाडतो आहोत, एवढे पाहिले म्हणजे निम्म्या चुका टळतात.

१. दिवा लुकलुकतो कसा?

दिशादर्शक दिवा लुकलुकवणारा भाग म्हणजे फ्लॅशर. त्याच्या तीन पिढ्या आज रस्त्यावर दिसतात.

पहिली पिढी तापणाऱ्या पट्टीची. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना जोडून केलेल्या पट्टीतून, किंवा तिच्याभोवती गुंडाळलेल्या तारेतून, दिव्यांचा प्रवाह जातो. पट्टी तापते, वाकते आणि संपर्क तुटतो. थंड झाली की पुन्हा सरळ होते आणि संपर्क जुळतो. येथे दिव्यांचा प्रवाह हाच चालक असतो. अशा जुन्या फ्लॅशरवर एलईडी बल्ब लावले, तर पट्टी तापण्याइतका प्रवाह वाहत नाही. परिणामी दिवे बहुधा नुसते पेटून राहतात किंवा अगदी सावकाश लुकलुकतात.

दुसरी पिढी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरची. यात वेळ मोजण्याचे काम एक लहान इंटिग्रेटेड सर्किट करते आणि संपर्क जोडण्या-तोडण्याचे काम रिले करतो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ती या रिलेचीच. दिव्यांकडे जाणाऱ्या प्रवाहाच्या वाटेत अगदी थोड्या रोधाची एक पट्टी घातलेली असते. तिला शंट म्हणतात. प्रवाह जितका अधिक, तितका शंटच्या दोन टोकांमधील व्होल्टेज अधिक. सर्किट हे व्होल्टेज सतत तपासते. ते ठरावीक मर्यादेखाली गेले, तर एखादा बल्ब गेला असे समजून सर्किट लुकलुकण्याचा वेग साधारण दुप्पट करते.

तिसरी पिढी नव्या गाड्यांची. त्यांत स्वतंत्र फ्लॅशर नसतो. दरवाजाचे कुलूप, वायपर, दिवे आदींवर देखरेख ठेवणारा एक संगणकीय कक्ष असतो. त्याला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. इंडिकेटर लुकलुकवणे व प्रवाह मोजणे ही दोन्ही कामे तोच करतो. काही गाड्यांत तर टिकटिक हा आवाजही लहानशा स्पीकरमधून काढलेला असतो.

दुसऱ्या व तिसऱ्या पिढीत वेग वाढण्यामागे एक विचार आहे. चालक आत बसलेला असतो. मागचा डावा दिवा गेला तर त्याला तो दिसत नाही, आणि आपण खूण केली आहे या समजुतीत तो वळतो. हा धोका टळावा म्हणून दिव्याचे आजारपण कानाला व डोळ्याला कळेल, अशी सोय करून ठेवलेली आहे.

२. थोडी आकडेमोड

आठवीतील विद्यार्थ्यालाही करता येईल असा हिशोब पाहू. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात.

बऱ्याच गाड्यांत एका बाजूला पुढे २१ वॉट, मागे २१ वॉट आणि आरशाजवळ किंवा पंख्यावर ५ वॉट असे तीन बल्ब असतात. एकूण ४७ वॉट. बॅटरी १२ व्होल्टची धरली, तर प्रवाह सुमारे ३.९२ अँपिअर होतो. एक २१ वॉटचा बल्ब गेला तर उरतात २६ वॉट, म्हणजे सुमारे २.१७ अँपिअर.

आता तिन्ही ठिकाणी एलईडी बसवले आणि ते अनुक्रमे ३, ३ व १ वॉटचे आहेत असे धरू. एकूण ७ वॉट, म्हणजे अवघे ०.५८ अँपिअर. एक बल्ब गेल्यावर जितका प्रवाह उरतो, त्याच्या जवळजवळ चौथाई!

शंटचा रोध उदाहरणादाखल ०.०३ ओहम घेऊ. सर्व साधे बल्ब चालू असताना त्यावर सुमारे ११८ मिलिव्होल्ट मिळतात; एक मोठा बल्ब गेला की ६५. म्हणून सर्किटची मर्यादा या दोहोंच्या मध्ये, समजा ९० मिलिव्होल्टवर, ठेवली जाते. एलईडी बसवल्यावर मिळतात केवळ १८. सर्किटला एलईडी म्हणजे काय, हे ठाऊक नाही. त्याला एवढेच कळते की प्रवाह फार कमी आहे. तेव्हा दिवे गेले असावेत, असा निष्कर्ष ते काढते आणि आपल्या शिकवणीप्रमाणे घाई करू लागते. त्याचे काम चोख आहे. त्याला दिलेली मर्यादा मात्र जुन्या बल्बांची आहे.

येथे विद्यार्थ्यांना नेहमी पडणारी एक शंका सांगतो. २१ वॉटच्या बल्बचा रोध हिशोबाने जवळजवळ ६.९ ओहम यायला हवा. पण मल्टिमीटरने मोजला तर तो एक ओहमहूनही कमी दिसतो. मीटर खराब नसतो. बल्बमधील टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध थोडा असतो आणि ती पांढरी तप्त झाली की तो कैक पटींनी वाढतो. म्हणून चालू दिव्याचा हिशोब थंड बल्ब मोजून करू नये.

३. उपायाआधी तपासणी

वेग वाढला म्हणजे कारण एलईडीच, असे गृहीत धरू नये. आपल्याकडे पावसाळ्यानंतर होल्डरमध्ये गंज चढतो, चिखलाने अर्थिंगचा स्क्रू खराब होतो, आणि साध्या बल्बच्या गाडीतही हीच घाई सुरू होते. म्हणून पुढील क्रम ठेवावा.

पहिली पायरी, वेग मोजणे. घड्याळ लावून पंधरा सेकंदांत दिवा किती वेळा पेटला ते मोजावे आणि त्याला चारने गुणावे. उत्तर ६० ते १२० यांच्या दरम्यान आले तर वेग योग्य आहे. १५०-१७० च्या आसपास आले तर निरोप चालू आहे, असे समजावे.

दुसरी पायरी, डावी व उजवी बाजू वेगवेगळी तपासणे. घाई एकाच बाजूला असेल आणि एलईडी मात्र दोन्ही बाजूंना असतील, तर त्या बाजूला आणखी काही दोष आहे.

तिसरी पायरी, गाडीभोवती फिरून प्रत्येक दिवा प्रत्यक्ष पाहणे. बिनटोपणाचा, खाचेत बसणारा एलईडी बल्ब उलटा बसला तर पेटत नाही, कारण एलईडीमधून प्रवाह एकाच दिशेने वाहतो. तो काढून फिरवून बसवला की काम होते. पिना असलेल्या गोल टोपणाच्या बल्बमध्ये पिनांची जागा पाहावी. नारिंगी काचेच्या २१ वॉट बल्बच्या दोन पिना एकमेकींच्या बरोबर समोर नसतात. साध्या पांढऱ्या बल्बच्या समोरासमोर असतात. चुकीचा बल्ब दाबून बसवण्याचा प्रयत्न केला तर होल्डर तुटतो.

चौथी पायरी, जुने बल्ब परत लावून पाहणे. एका बाजूला जुने बल्ब लावताच वेग पूर्ववत झाला, तर कारण निश्चित झाले. तरीही घाई कायम असेल, तर होल्डर, अर्थिंग व वायर यांकडे वळावे. जुने बल्ब टाकून देऊ नयेत, असे मी सांगतो ते याचसाठी.

४. पाच मार्ग आणि त्यांची किंमत

कारण कळले की पुढे पाच मार्ग उरतात. प्रत्येकाचे काम व प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. किंमत म्हणजे केवळ पैसे नव्हेत.

पहिला मार्ग : मूळ बल्बकडे परत जाणे. हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. परंतु इंडिकेटर दिवसाकाठी काही मिनिटेच पेटतो. त्यात वाचणारी वीज इंधनाच्या हिशोबात दिसतही नाही. साधा बल्ब अल्प किमतीत कोठेही मिळतो, घरी बदलता येतो, आणि गेला तर गाडी तसे सांगते. शिवाय दिव्यामागचा आरसा त्या बल्बमधील तारेची जागा धरून घडवलेला असतो. तार जेथे असते तेथून प्रकाश सर्व बाजूंना नीट फेकला जातो. एलईडी बल्बमध्ये चकत्या वेगवेगळ्या जागी असतात; समोरून तो फार प्रखर वाटतो आणि तिरक्या कोनातून मात्र फिका दिसू शकतो. वळणावर आपल्याला पाहणारा माणूस बहुधा तिरक्या कोनातच असतो.

दुसरा मार्ग : गाडीच्या संगणकाला नवी मर्यादा शिकवणे. ज्या मॉडेलची महागडी आवृत्ती कंपनीनेच एलईडी इंडिकेटरसह विकली आहे, त्याच मॉडेलच्या साध्या आवृत्तीत काही वेळा कंपनीचे मूळ एलईडी दिवे बसवून अधिकृत कार्यशाळेत मॉड्यूलमधील नोंद बदलता येते. हे प्रत्येक गाडीत शक्य नसते. जेथे शक्य असते, तेथे निरोपाची सोय टिकते. फक्त ती एलईडीच्या प्रवाहाला अनुरूप होते.

तिसरा मार्ग : एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवणे. जेथे स्वतंत्र फ्लॅशर आहे, अशा जुन्या जीप, व्हॅन व लहान मोटारींना हा मार्ग सोयीचा आहे. हा फ्लॅशर प्रवाह कितीही असो, ठरलेल्या वेगानेच लुकलुकतो. घेताना जुना फ्लॅशर सोबत न्यावा आणि पिनांची संख्या व जागा जुळवून पाहाव्यात. पिनांवर बहुधा ४९, ४९-ए व ३१ असे आकडे असतात : ४९ म्हणजे पुरवठा, ४९-ए म्हणजे दिव्यांकडे जाणारी वायर, ३१ म्हणजे अर्थिंग. काही फ्लॅशरवर त्याऐवजी बी, एल व ई ही अक्षरे असतात. पिना सारख्या दिसल्या तरी त्यांचा क्रम गाडीगणिक बदलतो; तो न पाहता फ्लॅशर खोचला तर तो पहिल्याच क्षणी जळू शकतो. जुना फ्लॅशर दोन पिनांचा आणि नवा तीन पिनांचा असेल, तर अर्थिंगची एक वायर वेगळी जोडावी लागते.

या मार्गात उष्णता नाही, वायरी कापाव्या लागत नाहीत आणि वेग नियमात बसतो. किंमत एकच : असा साधा एलईडी फ्लॅशर प्रवाह पाहतच नाही, त्यामुळे दिवा गेल्याचे तो सांगत नाही.

चौथा मार्ग : रेझिस्टर बसवणे. एलईडी बल्बच्या समांतर एक रोध जोडून जुन्या बल्बइतका प्रवाह खेचायचा, ही यामागची युक्ती. २१ वॉटऐवजी ३ वॉटचा दिवा आला, म्हणजे १८ वॉटची तूट. १२ चा वर्ग १४४. त्याला १८ ने भागले की ८ ओहम मिळतात. बाजारात बहुधा ६ ओहम, ५० वॉट असे लिहिलेले ॲल्युमिनियमचे सोनेरी रेझिस्टर मिळतात. ते प्रत्येक मोठ्या एलईडी बल्बला एक, असे लागतात. वरच्याच उदाहरणात एका बाजूला एकच रेझिस्टर लावला, तर प्रवाह २.५८ अँपिअर आणि शंटवर ७७ मिलिव्होल्ट मिळतात. मर्यादा ९० ची असल्याने घाई तशीच राहते. दोन लावले की १३७ मिलिव्होल्ट मिळतात आणि वेग पूर्ववत होतो.

आता उष्णतेचा हिशोब. इंजिन चालू असताना व्होल्टेज १२ नसते, ते १३.८ च्या आसपास असते. त्याचा वर्ग करून ६ ने भागला की जवळजवळ ३२ वॉट येतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. दिवा निम्मा वेळ विझलेला असतो, म्हणून सरासरी सोळा वॉट धरले, तरी अर्धा तास चारही इंडिकेटर चालू राहिल्यास रेझिस्टरला हात लावता येत नाही. त्यावर ५० वॉट लिहिलेले असते, ते तो धातूच्या मोठ्या पत्र्यावर घट्ट बसवलेला असेल तरच खरे. चिकटपट्टीने प्लॅस्टिकवर लावलेल्या रेझिस्टरला तो आकडा लागू होत नाही. माझ्या सोबत्याच्या दिव्याचे जे झाले, ते यामुळेच.

म्हणून हा मार्ग घ्यावाच लागला, तर रेझिस्टर गाडीच्या उघड्या धातूच्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी आवळावा. वायरी, गालिचा, प्लॅस्टिक व इंधनाची नळी यांपासून तो दूर असावा. त्याची जोडणी बल्बच्या समांतर, म्हणजे इंडिकेटरची वायर व अर्थिंग यांच्या दरम्यान असावी. चुकून पार्किंग दिव्याच्या वायरीला जोडला, तर तो रात्रभराच्या प्रवासात सलग तापत राहील. वायर नुसती टोचून जोडणाऱ्या क्लिपांवर भिस्त ठेवू नये. पावसाळ्यात तेथे गंज धरतो. नीट सोल्डर करून वर आवरणनळी चढवावी.

याची किंमत दुहेरी आहे. एलईडी बसवून वाचवलेली वीज आपण मुद्दाम उष्णतेत घालवतो, ही पहिली. दुसरी अधिक गंभीर आहे. उद्या एलईडी बल्ब गेला, तर प्रवाह ४.५८ वरून ४.३३ अँपिअरवर येतो. शंटवर १३० मिलिव्होल्ट राहतात. मर्यादेच्या कितीतरी वर. सर्किटला वाटते, सर्व ठीक आहे. दिवा विझलेला असतो, आणि टिकटिक मात्र शांत, नियमित, आश्वासक चालू असते.

पाचवा मार्ग : आतच भार असलेला एलईडी बल्ब. कॅनबस या नावाने असे बल्ब विकले जातात. बाहेर काही जोडावे लागत नाही, म्हणून ते सोपे वाटतात. पण रेझिस्टरची उष्णता येथे बल्बच्या आत, एलईडीच्या पाठीशी आणि प्लॅस्टिकच्या होल्डरजवळ साठते. उष्णता ही एलईडीच्या आयुष्याची शत्रू आहे. असे बल्ब घेऊन चारही इंडिकेटर लांबवर चालू ठेवण्याची वेळ आली, तर होल्डर तपासत राहावे.

या पाचांत माझा क्रम असा : गाडी जशी आली तशी ठेवणे सर्वांत बरे; त्यानंतर कंपनीचे मूळ एलईडी दिवे व मॉड्यूलमधील नोंद; जुन्या गाडीत एलईडी हवेच असतील तर फ्लॅशर; रेझिस्टर अगदी शेवटी आणि पत्र्यावर आवळूनच; आतच भार असलेले बल्ब शक्यतो नकोत.

५. सोबत येणारे दोन घोटाळे

एलईडी बसवल्यावर आणखी दोन तक्रारी कानावर येतात.

काही जुन्या गाड्यांत व मोटारसायकलींत दोन्ही बाजूंसाठी डॅशबोर्डवर एकच लहान दिवा असतो. तो डाव्या व उजव्या वायरींच्या मधोमध जोडलेला असतो. डावी बाजू चालू झाली की प्रवाह त्या दिव्यातून उजव्या बाजूच्या बल्बांमार्गे अर्थिंगला जातो. साध्या बल्बांना तेवढ्या क्षीण प्रवाहाने काही होत नाही. एलईडी मात्र तेवढ्यावरही पेटतात. मग एक बाजू दाबली की चारही दिवे लुकलुकतात, आणि मागच्या माणसाला वळायचे कोणीकडे ते कळतच नाही. यासाठी डॅशबोर्डच्या दिव्याला दोन्ही वायरींकडून एकेक डायोड जोडावा आणि दिव्याचे दुसरे टोक अर्थिंगला द्यावे. १ एन ४००७ हा सहज मिळणारा डायोड या कामाला पुरतो. नुसता फ्लॅशर बदलून हा दोष दूर होत नाही.

दुसरी तक्रार, दिवे बंद असतानाही एलईडी मंद लुकलुकतात. नव्या गाड्यांतील मॉड्यूल बल्ब शाबूत आहे का, हे पाहण्यासाठी अधूनमधून सूक्ष्म प्रवाह सोडते. साध्या बल्बची तार त्याने तापत नाही; एलईडी तेवढ्यावर चमकतो. हाही मॉड्यूलचा निरोपच आहे, बिघाड नव्हे.

६. नियम काय सांगतो?

आपल्या देशात वाहनांच्या दिव्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आणि त्यांच्या अनुषंगाने ठरवलेली मानके लागू आहेत. चारचाकींवर दिवे कोठे व कसे बसवावेत, याविषयीचे मानक एआयएस-००८ या नावाने ओळखले जाते. अशी मानके पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय या संस्थेकडून प्रसिद्ध होतात. जगभर प्रचलित असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत इंडिकेटरचा वेग मिनिटाला ९०, त्यात ३० कमी किंवा अधिक, असा सांगितला आहे. वर आपण मोजताना घेतलेले ६० ते १२० हे आकडे त्याचेच. दिवा बिघडल्यास चालकासमोरची खूण विझावी, न लुकलुकता पेटून राहावी किंवा तिच्या वेगात ठळक बदल व्हावा, असेही त्या नियमावलीत आहे. म्हणजे आपल्याला त्रासदायक वाटणारी घाई ही नियमाने मागितलेली सोय आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिव्याला मान्यता मिळते ती ठरावीक प्रकारच्या बल्बसह. साध्या बल्बसाठी मान्य झालेल्या दिव्यात दुसऱ्या जातीचा प्रकाशस्रोत घातला, तर मूळ चाचणी त्या नव्या जोडीला लागू होत नाही. रंगाबाबतही सूट नाही. इंडिकेटर नारिंगीच हवा. पारदर्शक काचेमागे पांढरा किंवा निळसर एलईडी बसवणे हे शोभेचे वाटले, तरी ती चुकीची खूण आहे.

७. एवढ्याशा दिव्यावर काय अवलंबून आहे?

गोरेगावहून सेनगाव किंवा हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी उभे राहिले, तर या प्रश्नाचे उत्तर मिळते. हळदीच्या दिवसांत पोती भरलेली वाहने बाजाराकडे निघालेली असतात. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. शेतवाटेकडे वळणारी बैलगाडी, तीन जण बसलेली मोटारसायकल, शिकवणीहून सायकलवर परतणारी मुले, हे सारे त्याच अरुंद डांबरावर. पथदिवे गावाच्या वेशीपुरते. अशा रस्त्यावर मागून येणाऱ्याला पुढच्याच्या मनातले कळण्याचे साधन म्हणजे तो एक नारिंगी दिवा. सायकलवरच्या मुलाला मॉड्यूल किंवा शंट ठाऊक नसतो. दिवा लागला नाही, म्हणजे गाडी सरळ जाणार, एवढेच तो समजतो.

ट्रॉलीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. ट्रॉलीचे दिवे ट्रॅक्टरला सॉकेटने जोडलेले असतात. खड्ड्यांत पिना सैल होतात, उसाच्या वाढ्यांत वायर अडकून तुटते. उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या मागचे चालकाला काहीच दिसत नाही. म्हणून ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी निघण्यापूर्वी ट्रॉलीमागे एक माणूस उभा करून दोन्ही इंडिकेटर, ब्रेकचा दिवा व मागचा लाल दिवा पाहून घ्यावा, आणि पाठीमागे रिफ्लेक्टरची पट्टी लावावी. दिवा दगा देईल तेव्हा समोरच्याच्या उजेडात चमकणारी ती पट्टीच उपयोगी पडते.

ज्यांनी एलईडी फ्लॅशर किंवा रेझिस्टर बसवला आहे, त्यांनाही हीच सवय लावून घेणे भाग आहे. गाडीने निरोप देणे आता थांबवलेले आहे. तेव्हा ते काम आपल्याकडे आले. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, चारही इंडिकेटर चालू करून गाडीभोवती एक फेरी मारावी. अर्धे मिनिट लागते. घरातील मुलाला हे काम सोपवले, तर त्याचा अभ्यासही होतो.

८. मुलांसाठी सराव

हा पाठ वाचून झाल्यावर पालकांनी मुलांकडून पुढील चार गोष्टी करून घ्याव्यात.

एक, घरच्या किंवा शेजारच्या वाहनाचा इंडिकेटर पंधरा सेकंद मोजून मिनिटाचा वेग काढणे. दोन, बल्बच्या टोपणावरील वॉटचे आकडे वाचून एका बाजूचा एकूण प्रवाह काढणे. तीन, मोठ्यांच्या देखरेखीखाली, गाडी बंद असताना एक साधा बल्ब काढून इंडिकेटर लावणे आणि वेग बदलतो का ते पाहणे. बदलला तर त्या गाडीला निरोप देता येतो. चार, १२ ऐवजी १३.८ व्होल्ट धरून ८ ओहमच्या रेझिस्टरमधील उष्णता काढणे. उत्तर जवळजवळ २४ वॉट यायला हवे.

माझ्या सोबत्याने शेवटी काय केले, ते सांगून लेख पुरा करतो. त्याच्या गाडीत स्वतंत्र फ्लॅशर नव्हता. रेझिस्टर काढले, कापलेल्या वायरी सोल्डर करून झाकल्या, आणि डिकीतील कागदी पुडीत जपून ठेवलेले चार जुने बल्ब परत लावले. मग त्याने मागचा एक बल्ब मुद्दाम सैल केला आणि दांडी खाली केली. टिकटिक घाईने होऊ लागली. त्याच्या मुलीने विचारले, "बाबा, परत बिघडली का?" तो म्हणाला, "नाही बेटा, आता बरी झाली."

शाळेच्या वर्गातून बाहेर पडून आपण सर्वजण निरनिराळ्या कामांत विखुरलो. जो ज्या कामात आहे, त्याने त्यातले एक-एक कोडे असे सोडवून पुढच्या स्मरणिकेसाठी लिहावे, आणि आपल्या मुलांच्या हाती पडावे, हीच सदिच्छा.